दुकान मांडायचं कुठं?

मुलांनो, या वेळचा लेख एका पत्रावरून सुचला. पत्र आठवीतल्या एका मुलीचं आहे. ‘माझं नाव छापू नका’ या वाक्याखाली तिनं दोन रेघा ओढल्यात, तेव्हा नाव राहू दे. राहते मात्र इथंच, आमच्या वाकडमध्ये.

तिचा दादा इंजिनिअर झालाय. दोन मित्रांना घेऊन त्यानं एक छोटं उपकरण बनवलंय. कारखान्यातल्या यंत्राला ते जोडायचं. यंत्र कधी बंद पडलं, किती वेळ बंद राहिलं, दिवसात किती नग निघाले, हे सगळं मालकाला मोबाइलवर दिसतं. आता त्याला याची कंपनी काढायचीय. हल्ली अशा कंपनीला स्टार्टअप म्हणतात. इथपर्यंत घरात सगळे खूश होते. पण दादा म्हणतो, कंपनी काढायची तर बंगळूरलाच. आणि बाबा म्हणतात, हिंजवडी हाकेच्या अंतरावर असताना बंगळूर कशाला? त्यात दादानं आलेली नोकरी नाकारलीय आणि घराचे हप्ते अजून फिटायचेत. ती लिहिते, “आमच्याकडे जेवताना आता कुणी बोलतच नाही. बाई, बंगळूरमध्ये असं काय आहे, जे आपल्याकडे नाही?”

प्रश्न फार चांगला आहे. मोठी माणसंसुद्धा त्यावर रात्र रात्र वाद घालतात. उत्तर शोधण्याआधी मी आमच्या चौथीच्या वर्गाला एक सोपा प्रश्न विचारला. वडापावची गाडी लावायची असेल तर कुठं लावाल?

एक जण म्हणाला, शाळेच्या गेटापाशी, सुटताना सगळ्यांना भूक लागलेली असते. दुसरा म्हणाला, भूमकर चौकात, तिथं गाड्या अडकून पडतात, मग माणसं करणार काय, खाणारच! (वाकडकरांना हे वेगळं सांगायला नको.) एक मुलगी म्हणाली, आमच्या घराखाली, म्हणजे आई वरून भजी तळून देईल. आणि एक मुलगा, ज्याच्या बाबांची खरोखरच गाडी आहे, तो हळूच म्हणाला, “जिथून कुणी उठवत नाही तिथं.”

नऊ वर्षांच्या मुलांची उत्तरं आहेत ही! ती लक्षात ठेवा आणि आता माझ्याबरोबर बेळगावला चला.

बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांचं सायकलींचं दुकान होतं. १८८८ साली त्यांनी आणि त्यांच्या भावानं ते काढलं. सायकल हीच त्या वेळची नवलाई. लक्ष्मणराव आधी मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायचे. बढतीची पाळी आली तेव्हा त्यांना डावललं, म्हणून नोकरी सोडून ते बेळगावला आले. सायकलींबरोबर त्यांनी कडबा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर बनवायला घेतले. नांगर खपता खपेना. लोखंडानं जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली, असं सांगतात.

कशीबशी घडी बसतेय तोच नगरपालिकेनं जागा सोडायला सांगितली. गावाची वस्ती वाढवायची होती, कारखाना मध्ये येत होता. आमच्या वर्गातल्या त्या मुलाचं उत्तर आठवलं ना? लक्ष्मणराव गाडी उचलून उभे होते आणि लावायला जागा नव्हती.

त्या वेळी औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी त्यांच्या मदतीला आले. त्यांनी संस्थानातली जमीन दिली, पैशाचीही मदत केली. जमीन कसली, निवडुंगानं भरलेला माळ! साप, विंचू, प्यायच्या पाण्याची मारामार. पण माळाशेजारी कुंडल रोड नावाचं रेल्वे स्टेशन होतं आणि भोवताली नांगर वापरणारे शेतकरी होते. १९१० साली लक्ष्मणराव माणसं आणि यंत्रं घेऊन तिथं गेले. आज नकाशात सांगली जिल्ह्यात तुम्हांला किर्लोस्करवाडी दिसेल, ती हीच. पुढं स्टेशनचं नावसुद्धा बदललं.

मला या गोष्टीत एक गंमत वाटते. मुंबई सोडून माळावर कारखाना काढणाऱ्या माणसाला तेव्हा कुणीही वेड्यात काढलं असतं. पण नांगर विकत घेणारा मुंबईत राहतच नव्हता.

आता बंगळूरकडे वळू. ते शहर काही एका रात्रीत संगणकाचं गाव झालं नाही. जमशेटजी टाटांना देशात विज्ञानाची मोठी संस्था काढायची होती. टाटा मुंबईचे, पण म्हैसूर संस्थाननं बंगळूरमध्ये ३७१ एकर जागा देऊ केली आणि १९०९ साली संस्था तिथं स्थापन झाली. तीच आजची भारतीय विज्ञान संस्था. १९४० साली आपल्या सोलापूरला जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी विमानांचा कारखाना काढला, तोही म्हैसूर सरकारच्या मदतीनं, बंगळूरलाच. स्वातंत्र्यानंतर टेलिफोन बनवणारा सरकारी कारखाना आला, रेडिओ-रडारची भारत इलेक्ट्रॉनिक्स आली. १९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स ही अमेरिकन कंपनी आली. म्हणजे बघा, यंत्रात डोकं घालणारी माणसं तिथं तीन पिढ्या तयार होत होती. त्यामुळे २००७ साली दोन तरुणांनी तिथं फ्लिपकार्ट सुरू केली तेव्हा कामाला हुशार मुलं शोधायला त्यांना लांब जावं लागलं नाही. आणि एक कंपनी मोठी झाली की तिच्यातली माणसं बाहेर पडून आणखी चार काढतात, त्यांना पैसे देणारे श्रीमंत लोकही तिथंच येऊन राहतात. दादाच्या डोळ्यांसमोर हे बंगळूर आहे, आणि ते खोटं नाही.

पण एक गोष्ट दादाला आणि बाबांना, दोघांनाही वाचून दाखव. इन्फोसिस माहीत आहे ना? हिंजवडीत फेज दोनला त्यांच्या गोलसर काचेच्या इमारती तुम्ही येता-जाता पाहिल्या असतील. ही कंपनी बंगळूरची म्हणून जगभर ओळखली जाते. ती जन्मली मात्र पुण्यात!

साल १९८१. पुण्यात नारायण मूर्ती आणि त्यांच्या सहा मित्रांनी ती काढली. भांडवल दहा हजार रुपये. तेही मूर्तींच्या पत्नी सुधाताईंनी आपल्या शिलकीतून काढून दिले. या सुधाताईंचं नाव पुस्तकांवर वाचलं असेल तुम्ही. मुलींनी अर्ज करू नये अशी टेल्कोची जाहिरात पाहून त्यांनी थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड टाकलं होतं आणि मग टेल्कोतल्या पहिल्या महिला इंजिनिअर झाल्या होत्या. (टेल्को म्हणजे आजची टाटा मोटर्स.) कंपनीचं पहिलं ऑफिस म्हणजे मूर्तींच्या घराची पुढची खोली. कंपनीतून पैसे सुटेपर्यंत सुधाताईंच्या नोकरीवर घर चाललं. घराखाली गाडी लावायचं म्हणणाऱ्या मुलीला हे मी सांगितलं तेव्हा ती भलतीच खूश झाली.

संगणकाची कंपनी, पण संगणकच नव्हता! परदेशातून मागवायचा तर सरकारी परवाना लागे आणि त्यासाठी दिल्लीला खेटे घालावे लागत. साध्या टेलिफोनलाही वर्षभर थांबावं लागलं, असं मूर्तींनी पुढं कितीतरी भाषणांत सांगितलंय. पहिलं काम होतं न्यूयॉर्कच्या एका कंपनीचं, ते करायला माणसंच अमेरिकेला जायची. मग बंगळूरच्या मायको कंपनीचं काम मिळालं. मायको म्हणजे गाड्यांचे स्पार्क प्लग आणि डिझेलचे पंप बनवणारी कंपनी. आणि १९८३ मध्ये इन्फोसिस पुणे सोडून बंगळूरला गेली. मूर्ती मूळचे तिकडचेच, म्हैसूरचे, त्यामुळे गाव परकं नव्हतं, हेही खरं. पण पाऊल उचललं ते गिऱ्हाइकाच्या दिशेनं.

पुण्याच्या हातून मोठी कंपनी गेली म्हणून हळहळणारे लोक मी पाहिलेत. मला तसं वाटत नाही. बंगळूरच्या कारखान्याचं काम पुण्यात बसून, टेलिफोनशिवाय, कसं करणार होते ते?

आता तुम्ही म्हणाल, मग पुण्यात कुणी राहिलंच नाही का? राहिलं की! १९८८ साली इथं सी-डॅक ही सरकारी संस्था निघाली आणि १९९१ मध्ये विजय भटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘परम’ हा महासंगणक तयार केला. १९९० मध्ये अमेरिकेत शिकून आलेल्या आनंद देशपांड्यांनी पुण्यात पर्सिस्टंट सिस्टिम्स काढली. त्याच सुमाराला सरकारनं सॉफ्टवेअर परदेशी पाठवण्यासाठी उपग्रहाची सोय असलेली पहिली तीन केंद्रं सुरू केली. एक बंगळूरला, एक भुवनेश्वरला आणि एक आपल्या पुण्याला.

पण माझी आवडती गोष्ट काटकर भावांची आहे. कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे. पुढं त्यांनी स्वतःचं दुरुस्तीचं दुकान काढलं. मग लोकांकडे संगणक आले, आणि दुरुस्तीला तेही येऊ लागले. त्या काळी फ्लॉपी नावाच्या चपट्या चकत्या एका संगणकातून काढून दुसऱ्यात घालायचे, आणि त्यांच्याबरोबर व्हायरसही फिरायचा. यंत्र ठणठणीत, पण आतली माहिती नासलेली! गिऱ्हाइकं पुन्हा पुन्हा तीच तक्रार घेऊन येत. कैलासरावांचे धाकटे भाऊ संजय तेव्हा कॉलेजात संगणक शिकत होते. दुकानात आलेल्या संगणकांसाठी त्यांनी व्हायरस काढून टाकणारे छोटे प्रोग्रॅम लिहिले. तेच १९९५ च्या सुमाराला क्विक हील या नावानं बाजारात आलं. पुढं कंपनी एवढी वाढली की २०१६ साली तिचे शेअर बाजारात आले.

या भावांनी शहर निवडलंच नाही. दुखणं काय आहे हे रोज दुकानाच्या दारातून चालत आत येत होतं. ते सोडून ते कुठं जाणार?

आता हिंजवडी. बाबांचं म्हणणं आहे की हिंजवडी जवळ आहे. हिंजवडीची एक मजेदार हकिकत शरद पवार यांनी जाहीर भाषणात सांगितली आहे. ते तिथं साखर कारखान्याच्या भूमिपूजनाला गेले होते. कार्यक्रमातच त्यांनी सांगून टाकलं की साखर कारखाना इथं नको, तो दुसरीकडे काढू, इथं आयटीच्या कंपन्या आणू! एमआयडीसीनं जमिनी घेतल्या, राजीव गांधी इन्फोटेक पार्क उभा राहिला. ज्या शिवारात उसाच्या गाड्या जायच्या तिथून आता कंपन्यांच्या बसगाड्या जातात.

माझ्या वर्गात दोन्हीकडची मुलं बसतात. कुणाच्या पणजोबांचं शेत तिथं होतं, कुणाचे आईबाबा कामासाठी लातूरहून, अकोल्याहून, कानपूरहून आलेत. चैत्री पौर्णिमेला हिंजवडीहून वाकडला म्हातोबाचं बगाड येतं तेव्हा सगळे एकाच रस्त्यावर उभे असतात. कंपनी कुठलं गाव निवडायचं ते ठरवते, पण त्या गावाला कुणी विचारत नाही, हे मला मनापासून वाटतं. रस्ते तेवढेच राहिले, माणसं वाढत गेली. गर्दीला कंटाळून काही कंपन्या निघून गेल्याच्या बातम्या २०२४ साली वर्तमानपत्रांत गाजल्या. कंपनीला जाता येतं हो, ज्याची विहीर बुजली त्यानं कुठं जायचं?

असो. मुद्द्यावर येते. हिंजवडीतल्या बऱ्याचशा मोठ्या कंपन्या परदेशातल्या बँका, विमा कंपन्या, दुकानं यांची कामं करतात. दादाचं उपकरण त्या घेणार नाहीत. त्यांच्याकडे लेथ मशीन आहे कुठं? तेव्हा ‘हिंजवडी जवळ आहे’ हे वाकडला राहायचं कारण म्हणून चालत नाही. बाबांनी रागावू नये.

मग दादाचं गिऱ्हाईक कोण? लोखंड कापणारा, भोकं पाडणारा, दांडे घासणारा छोटा कारखानदार. आणि तो कुठं आहे? पिंपरी-चिंचवडभर! १९५४ मध्ये पिंपरीला पेनिसिलिन बनवणारी हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली. मुंबई-पुणे रस्ता आणि रेल्वे, पवनेचं पाणी, मोकळी जमीन, सगळं इथं एकत्र मिळालं. मुंबईत जागा उरली नव्हती. साठच्या दशकात आकुर्डीला बजाजच्या स्कूटर, पिंपरीला टेल्को. टेल्कोचे सुमंत मूळगावकर यांनी तर गाड्या बनवायच्या आधी माणसं बनवायला घेतली. कारागीर मुलांना शिकवायची शाळा आधी, झाडं आधी, ट्रक नंतर. त्या शाळेत शिकलेल्या कित्येकांनी पुढं भोसरीत पत्र्याच्या शेडमध्ये स्वतःची वर्कशॉप टाकली. मग चाकण वाढलं. २००९ मध्ये तिथं फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. मोठ्या कारखान्याला लागणारे नट, बुश, ब्रॅकेट हजार छोट्या शेडमधून येतात. त्या प्रत्येक शेडमध्ये एक यंत्र केव्हा ना केव्हा बंद पडतं आणि मालक कपाळाला हात लावून बसतो.

म्हणून, बाळ, दादाला माझा निरोप सांग. बंगळूरचं तिकीट काढण्याआधी भोसरी आणि चाकणमधल्या वीस शेडमध्ये जाऊन ये. मालकाला उपकरण दाखव, आणि फुकट देऊ नको. पैसे मोजायला कितीजण तयार होतात ते वहीत लिही. वीसातले पाचजण जरी ‘लावून जा’ म्हणाले तरी कंपनीचा जन्म भोसरीत झाला असं समज. यंत्राजवळ उभं राहून तेलकट हातांनी ते दुरुस्त करायला लागेल, आज, उद्या, रोज. बंगळूरहून ते कसं जमायचं?

आणि एकही मालक पैसे देईना, उलट बंगळूरच्या एखाद्या कारखान्यानं होकार दिला, तर बाबा, त्याला जाऊ द्या. मूर्ती गेले तसाच जाऊ द्या. पुढं पाचशे उपकरणं बनवायला मोठा पैसा लागला आणि तो बंगळूरच्या लोकांकडेच असला, तर मागायलाही जाऊ द्या. मागायला जाणं वेगळं, राहायला जाणं वेगळं. शिवाय आपल्या वाकडच्या पुलाखालून जाणारा हा महामार्ग मुंबई-बंगळूरचाच आहे. संध्याकाळी इथून बसमध्ये बसलं की सकाळी तिथं उतरता येतं.

एक प्रश्न मात्र दादानं घरात बसूनच सोडवायचा आहे, आणि तो शहराचा नाही. पहिलं वर्षभर घरात पैसे येणार नाहीत, तेव्हा हप्ता कोण भरणार? मूर्तींच्या घरी सुधाताईंचा पगार होता. तुमच्या घरी कुणाचा आहे? किती महिने पुरेल? तिघा मित्रांपैकी एकानं नोकरी करून बाकीच्या दोघांना सांभाळायचं, असंही करता येतं. हे आकडे कागदावर मांडा, आई, बाबा, दादा आणि तू, चौघांनी बसून. तूसुद्धा बस. आठवीतल्या मुलीला बेरीज-वजाबाकी येते. बंगळूरला खोलीभाडं आणि खानावळ यांचा खर्च त्यात धरा. वाकडला घरचं जेवण आहे, त्याचीही किंमत लावा, फुकट धरू नका. ते आईच्या कष्टाचं असतं.

बाकीच्यांसाठी या आठवड्याचा उद्योग. घराजवळचं एक दुकान, गॅरेज किंवा वर्कशॉप निवडा. गिऱ्हाईक नसेल तेव्हा जा, म्हणजे मालक ओरडणार नाहीत. (दुपारी एक ते चारमध्ये गेलात आणि शटर बंद असलं तर मला दोष देऊ नका, शेजारी पुणं आहे.) त्यांना तीन गोष्टी विचारा. हीच जागा का घेतली? पहिलं गिऱ्हाईक कोण होतं आणि ते कुठून आलं? पहिले सहा महिने घर कशावर चाललं? उत्तरं पोस्टकार्डावर मावतील एवढीच लिहा. दुकानाचं नाव नाही लिहिलं तरी चालेल, गावाचं जरूर लिहा. निवडक उत्तरं पुढच्या महिन्यात याच पानावर छापू.